रिकाम्या पोटी

पंचफुलानं लेकीच्या घोट्यावर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा तसाच राहिला.

"चपलेचा पट्टा रुतला आसंल," नीलम म्हणाली आणि तिनं पाय जवळ ओढून घेतला. "शाळेत दिसभर उभंच ऱ्हावं लागतंय."

बोरीहून गाड्या बदलत पंचफुला नुकतीच सोनपेठला लेकीच्या दारात उतरली होती. तुरीच्या शेंगांची पिशवी अजून उंबऱ्याशीच होती. पाणी पिण्याआधी तिनं नीलमचा चेहरा पाहिला होता, आणि तो चेहरा तिच्या ओळखीचा होता. पापण्यांखाली आलेली ती मऊ, पांढुरकी सूज. सहा वर्षांपूर्वी त्याच सुजेला घरातले सगळे 'पोरीचं अंग भरायलंय' म्हणत राहिले होते. पंचफुलाही म्हणाली होती.

"दुसरा पाय दाव."

"माय, तू आधी चहा घे."

"दाव म्हणते ना."

दुसऱ्या पायाचंही तेच. पंचफुलानं तिला दंडाला धरून खिडकीच्या उजेडात ओढलं, तसा नीलमचा मोकळा हात आपसूक ओटीपोटावर गेला. कशाचा धक्का लागू नये म्हणून जातो तसा. क्षणभरच. मग तिनं तो काढून घेतला आणि ओढणी सारखी केली. पंचफुलानं तिचा दंड सोडला.

"कितवा?"

"तिसरा संपत आलाय."

"दवाखान्यात सांगितलंस?"

नीलमनं वाकून शेंगांची पिशवी उचलली आणि ती आत गेली. पंचफुला खिडकीपासूनच म्हणाली, "नीलम, गोळ्या घ्यायलीस का तू?"

आतून शेंगा परातीत ओतल्याचा आवाज आला.

नीलमच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या तेव्हा ती डी.एड.च्या शेवटच्या वर्षाला होती. काही महिने तिनं डायलिसिसवर काढले. नागनाथला, तिच्या बापाला, साखर होती, त्यामुळं त्याची किडनी चालली नाही. पंचफुलाची जुळली. संभाजीनगरच्या एका मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं आणि त्याच्या आदल्या आठवड्यात तिथल्या एका समाजसेविका बाईंनी मायलेकींना वेगवेगळं बसवून समजावून सांगितलं.

पंचफुलाला त्या म्हणाल्या होत्या, "मावशी, एक लक्षात ठेवा. दिली म्हणजे दिली. उद्या पोरीशी भांडण होईल, ती तुमच्या मनाविरुद्ध वागेल. तरी हे तोंडातून काढायचं नाही. माणूस त्या ओझ्याखाली दबून जातं."

पंचफुलाला त्या बाईंचा राग आला होता. पोटच्या लेकराला असं कोण बोलतं? पण ते तिच्या ध्यानात राहिलं. गल्लीतल्या बाया तिचं कौतुक करायला लागल्या की ती उठून कामाला लागायची. नीलमच्या लग्नात कुणी तरी माईकवर तो विषय काढला, तर तिनं नागनाथला पाठवून तो बंद करायला लावला होता.

नीलमला जे समजावलं ते गोळ्यांचं. डॉक्टरांनी सांगितलं, शरीराला ही किडनी परकीच वाटणार. आज नाही, उद्या नाही, कायमच. ते तिच्यावर चालून जाणार. गोळ्या त्याला अडवून धरतात, म्हणून गोळ्या जन्मभर.

"आईची असली तरी परकी?" पंचफुलानं विचारलं होतं.

"आईची असली तरी."

मग वेळा सांगितल्या. सकाळी नऊ आणि रात्री नऊ. कॅप्सूल रिकाम्या पोटी, तिच्यानंतर तासभर काही खायचं नाही. जांभळट गोळी दोन्ही वेळेला. स्टिरॉइडची बारकी गोळी सकाळी, नाष्ट्यानंतर. रक्त तपासायच्या दिवशी आधी रक्त द्यायचं, मगच कॅप्सूल. वेळ चुकली तर पुढच्या वेळेला दोन घ्यायच्या नाहीत. पंचफुलाला लिहितावाचता येत होतं ते जेमतेम, पण हे सगळं तिला पाठ झालं. बोरीच्या घरात रात्रीचं जेवण दहानंतर होऊ लागलं. दिवसभर शेतात राबून आलेला नागनाथसुद्धा ताट पुढं घेऊन बसायचा नाही. पोरगी उपाशी असताना घास उतरत नाही म्हणायचा.

सिद्धोधनचं स्थळ आलं तेव्हा नागनाथनं काहीही लपवलं नाही. सोनपेठच्या एका सरकारी कचेरीत कारकून असलेल्या त्या मुलानं सगळं ऐकून घेतलं. मग त्यानं एवढंच विचारलं, "गोळ्यांच्या वेळा काय हायत?" त्या एका प्रश्नावर पंचफुलानं मनातून होकार देऊन टाकला होता.

लेकराचा विषय घरात कुणी काढत नव्हतं. सिद्धोधनची आई लवकरच गेलेली, सासरी विचारणारं कुणी नव्हतं. सिद्धोधन स्वतः म्हणायचा, "तू हायस ना, बास." विषय काढला तो नीलमनंच, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, डॉक्टरांपाशी. डॉक्टर म्हणाले, होऊ शकतं, पुष्कळ बायकांना झालंय. फक्त या जांभळ्या गोळीवर नाही. ती बाळाला घातक असते. आधी ती बंद करून दुसरी सुरू करायची, काही महिने किडनी कशी राहते ते बघायचं, मग. पण आत्ता तुमचे रिपोर्ट वरखाली होतायत, आत्ता गोळी बदलायला नको. पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षीही ते तेच म्हणाले.

परातीतल्या शेंगा सोलून झाल्या तरी नीलम मान वर करत नव्हती. पंचफुला तिच्यासमोर येऊन बसली होती.

"जांभळी बंद केली," नीलम म्हणाली. "कळलं त्याच दिवशी."

"आन् कॅप्सूल?"

"सकाळची पोटात टिकतच न्हाई. उलट्या व्हायल्यात."

"रातची?"

नीलमनं एक दाणा दोन बोटांत धरून चेपला. "आधी घ्यायचे. मग वाटलं, एक गोळी घातक हाय तर दुसरी कशावरून न्हाई."

"मी रोज फोन करते तवा 'घेतली' म्हणतीस."

"व्हय."

"जावयाला ठाऊक हाय?"

"ते बाहेर बसलेले आसतात. मी आत येऊन नळ सोडते. त्यांना वाटतंय घेतली."

पंचफुलाला ओरडायचं होतं. पण लेक समोर मांडी घालून बसली होती, गालांवर सूज, हातांना तुरीचा हिरवा वास, आणि ती घाबरलेली दिसत नव्हती. तिच्या तोंडावर असं काही तरी होतं की जे पंचफुलानं तिच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

"डॉक्टरांनी काढायला सांगितलं असतं माय," नीलम म्हणाली. "म्हणून न्हाई सांगितलं. जरा मोठं हू द्यावं म्हणलं. मोठं झाल्यावर कोन काढतंय?"

संध्याकाळी सिद्धोधन कचेरीतून आला. पंचफुलानं त्याला दारातच सगळं सांगितलं. त्यानं डब्याची पिशवी खाली ठेवली, पुन्हा उचलली, परत ठेवली. मग घरात जाऊन तो नीलमच्या शेजारी भिंतीला टेकून बसला. तो रागावला नाही. तो एवढंच म्हणाला, "मला तरी सांगायचं." नीलमनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी ते तिघं परभणीला जीपनं आणि तिथून रेल्वेनं संभाजीनगरला गेले.

दवाखान्यात तिला लगेच ठेवून घेतलं. शरीर किडनीवर चालून गेलं होतं. सुईनं तुकडा काढून तपासला, शिरेतून स्टिरॉइड दिलं, आणि रोज सकाळी रक्त नेलं. रिपोर्ट हातात आले की सिद्धोधन ते डॉक्टरांनी बघण्याआधी स्वतः बघायचा आणि घडी करून खिशात घालायचा. रक्तातल्या क्रिएटिनिनचा आकडा उतरत नव्हता.

चौथ्या दिवशी डॉक्टरांनी सिद्धोधन आणि पंचफुलाला आपल्या खोलीत बोलावलं. ते वयस्कर होते, ऑपरेशनच्या वेळचेच, आणि त्यांनी पंचफुलाला आधी बसायला लावलं.

"किडनी अजून वाचू शकते," ते म्हणाले. "पण यापुढचं औषध जास्त कडक आहे. ते गर्भ असताना देता येत नाही. आणि तिनं बंद केलेली गोळी परत सुरू करावी लागेल. तीही गर्भाला चालत नाही. शिवाय तिला कळेपर्यंत ती गोळी पोटात जातच होती. बाळावर काय परिणाम झालाय, हे आज मी सांगू शकत नाही."

"न्हाई दिलं औषध तर?" सिद्धोधननं विचारलं.

"किडनी जाईल. मग डायलिसिस. डायलिसिसवर मूल टिकेल याची खात्री नाही, आणि तिच्या जिवालाही धोका. मी तिला हे सगळं सांगितलंय. निर्णय तिचा आहे. ती नाही म्हणतेय. तुम्ही बोला. फार वेळ नाहीये."

बाहेर व्हरांड्यात सिद्धोधन खिडकीचे गज धरून उभा राहिला. तो सासूला मामी म्हणायचा.

"मामी, तुमी सांगा तिला."

"तुमी बोलला न्हाई का?"

"काल तिनंच सांगितलं मला. रातभर बोललो. म्हणते, डायलिसिस करते, आधी काढलंय तसं काढते. माझं ऐकंना. तुमचं ऐकंल."

"माझं तरी कामून ऐकंल?"

सिद्धोधननं तिच्याकडं पाहिलं, मग नजर फिरवली. त्याला जे म्हणायचं होतं ते त्याच्यानं म्हणवत नव्हतं. "तुमचा हक्क हाय," तो गजांकडं बघत म्हणाला.

नीलम पलंगावर टेकून बसली होती. हाताला सलाईनची सुई, केसांचा गुंता. पंचफुलानं पिशवीतून कंगवा काढला आणि तिच्या मागं बसून ती वेणी सोडायला लागली. शेजारच्या पलंगावरची बाई तपासणीला गेली होती. दुपारची वेळ. पंख्याचा तेवढा आवाज.

"सकाळी सोनोग्राफी झाली," नीलम म्हणाली. "ठोके ऐकवले माय. कसे पळतात. घोडं उधळल्यावानी."

पंचफुलाचा कंगवा गुंत्यात अडकला. तिनं तो हळूच सोडवून घेतला.

"लय बारकं हाय आजून. पण हात हलवायलंय. त्या बाईनं दावलं मला. दावायला नको व्हतं म्हणत दावलं."

"नीलम..."

"मला माहीत हाय तुला कोनी पाठवलंय. त्यांच्यावर राग न्हाई माझा. पण माय, मला एक सांग. तू काय केलं असतंस? तू माझ्या जागी आन् मी तुझ्या पोटात. तू काय केलं असतंस?"

पंचफुलाला उत्तर ठाऊक होतं. विचार करण्याची गरजच नव्हती. सहा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी धोके सांगायला सुरुवात केली तेव्हा तिनं त्यांना मध्येच थांबवून, सही कुठं करायची ते विचारलं होतं. लेक तिचीच होती. तिनं दुसरं काय करावं?

केसांच्या पेडांत बोटं घालून ती तशीच बसली. समोर तिला लेकीची मान दिसत होती, सुजलेली, आणि मानेवरचा तो लहानपणीचा डाग. ही मान डायलिसिसच्या खुर्चीवर कशी कलंडायची ते तिनं पाहिलेलं होतं. तेव्हा ती खुर्चीच्या पायाशी बसून असायची, आणि प्रत्येक वेळी मशीन थांबलं की लेक जिवंत आहे का ते आधी बघायची.

"तुला पोटात वाढवलं त्याचं मी कदी बोलले न्हाई," पंचफुला म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी लागत होता. "ते समद्याच बाया करतात. पण ही मी अंग कापून दिली. ती तुझी एकटीची न्हाई. टाकून द्यायची आसंल तर मला इचारून टाकायची."

नीलमचा हात ओटीपोटावर गेला.

"मी न्हाई म्हणते," पंचफुला म्हणाली. "माझी हाय ती. मी टाकू देत न्हाई."

पंखा फिरत होता. नीलमनं मान वळवली आणि मायकडं पाहिलं. त्या पाहण्यात राग असता तर पंचफुलाला तो घेता आला असता. नीलम एखाद्या नव्या माणसाला निरखावं तशी बघत होती.

"बरं," ती म्हणाली. मग पुन्हा तोंड फिरवून म्हणाली, "सिस्टरला बोलव."

"वेणी तर होऊ दे."

"आधी बोलव माय."

व्हरांड्यात पंचफुला म्हणाली, "हो म्हणली." सिद्धोधनचा चेहरा वाकडातिकडा झाला आणि तो तिच्या पाया पडायला वाकला. ती झटकन मागं सरली. तिची पाठ भिंतीला लागली.

किडनी वाचली. आकडा आधी थांबला, मग हळूहळू खाली आला. डॉक्टर समाधानी होते. घरी जाताना त्यांनी नव्यानं वेळा लावून दिल्या. जांभळी गोळी आधीपेक्षा जास्त, कॅप्सूल थोडी वाढवलेली, स्टिरॉइड कमी कमी करत आणायचं. नीलमनं शांतपणे सगळं ऐकलं आणि एकेक करून त्यांना परत म्हणून दाखवलं. तिचं काही चुकलं नाही.

पंचफुला सोनपेठला राहिली. तिला वाटलं होतं, पोरगी रडेल, आपल्यावर आदळआपट करेल, ताट सारेल. तसं काही झालं नाही. नीलम वेळेच्या आधी गोळ्या काढून ठेवायची. नऊ वाजले की मायच्या समोर येऊन उभी राहायची, पाण्याचा पेला भरून कॅप्सूल घ्यायची आणि म्हणायची, "घेतली माय." मग तासभर काही खायची नाही. शाळेत जाताना तोंडाला मास्क लावायची, बाहेरचं पाणी प्यायची नाही, सांगितलं तेव्हा झोपायची. शेजारच्या बबिताताई म्हणाल्या, असं पथ्य पाळणारं माणूस आम्ही बघितलं नाही. पंचफुला हसली.

त्या दोघी आधी सारख्या भांडायच्या. भाजी कशी चिरायची यावरून, फोनवरून, नागनाथची बाजू कोण घेतं यावरून. आता नीलम कशालाही "बरं" म्हणायची. एके दिवशी पंचफुलाच्या हातून चिनी मातीची बरणी फुटली. लग्नात मैत्रिणीनं दिलेली, नीलमच्या आवडीची. तुकडे गोळा करता करता पंचफुलाच्या मनात काय आलं कोण जाणे, ती मोठ्यानं म्हणाली, "कडंला कामून ठेवली व्हतीस? अक्कल हाय का तुला?" आणि ती वाट बघत राहिली.

"चुकलं माय," नीलम म्हणाली. "तू उठ, तुकडा लागंल." तिनं मायच्या हातातून सुपली घेतली आणि तुकडे भरले.

रात्री सिद्धोधन हळूच म्हणाला, "मामी, ती रडली का वो तुमच्यासमोर? माझ्यासमोर तर न्हाई." पंचफुलानं नकारार्थी मान हलवली. दोघंही मग नीलम आत भांडी लावत होती तो आवाज ऐकत बसले.

बोरीला परतायच्या आदल्या दिवशी पंचफुलानं तो विषय काढला. दोघी अंगणात कपडे वाळत घालत होत्या.

"त्या दिवशी दवाखान्यात मी बोलले ते..."

"कोनतं?"

"तुला माहीत हाय."

नीलमनं सिद्धोधनचा सदरा झटकला, दोरीवर टाकला, चिमटे लावले. "खरंच बोललीस की," ती म्हणाली. "माझ्याच ध्यानात ऱ्हायलं न्हाई."

"तसं न्हाई पोरी. ते म्या..."

"माय, तू ती बादली उचलू नको. तुला वजन उचलायला मना हाय." तिनं बादली स्वतःकडं घेतली. बोलणं तिथंच राहिलं.

पूर्वी फोन पंचफुला करायची. आता पंचफुलानं फोन हातात घेण्याआधीच तो वाजायचा. "घेतली माय. बाबा जेवले का? तू पाणी पी जरा जास्त. ठेवते." नागनाथ म्हणायचा, पोरीला जिम्मेदारी कळली बघ. पंचफुला फोन बंद करून कोनाड्यात ठेवायची आणि त्याला वाढायला उठायची. कधी कधी ती उठायची नाही. मग नागनाथ आपल्या हातानं वाढून घ्यायचा. त्याला वाटायचं, हिची ऑपरेशनची कूस दुखत असेल.

वर्ष उलटलं. तपासणीला तिघं पुन्हा संभाजीनगरला गेले. या खेपेला पंचफुलाची पण तपासणी होती. किडनी दिलेल्यांनाही अधूनमधून बघतात. मुद्दाम तिनं एकाच दिवसाची वेळ घ्यायला सिद्धोधनला सांगितलं होतं, कारण तिला डॉक्टरांना एक विचारायचं होतं. हा प्रश्न तिनं वर्षभर मनात धरून ठेवला होता, आणि तो आपणच विचारायचा हे ठरवलं होतं.

डॉक्टरांनी नीलमचे कागद बघितले आणि चष्मा काढला. "छान. वर्षभर एकसारखे रिपोर्ट. इतकं मला वाटलं नव्हतं."

"साहेब," पंचफुला म्हणाली. पुढचे शब्द तिनं वाटेत कितीदा जुळवले होते, पण आता ते अडखळत आले. "मग आता लेकराचं... आता हू शकतंय का तिला?"

सिद्धोधननं खुर्चीची कड धरली. नीलमनं मायकडं बघितलं नाही.

"मी तेच बोलणार होतो," डॉक्टर म्हणाले. "हो. आता विचार करता येईल. ही गोळी बंद करू आणि तिच्या जागी दुसरी देऊ, जी बाळाला चालते. सहा महिने लक्ष ठेवू. किडनी नीट राहिली की मग हरकत नाही. घाई नाही, पण गोळी आजपासून बदलू शकतो." त्यांनी पेन उघडलं. "बदलू ना?"

पंचफुलानं लेकीच्या हाताकडं हात नेला.

"नको सर," नीलम म्हणाली. "चालू हाय तीच ऱ्हाऊ द्या."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "घाबरू नका. मागच्या वेळची गोष्ट वेगळी होती."

"घाबरले न्हाई. गोळी बदलल्यावर धोका असतो का थोडा?"

"थोडा असतो. नाही म्हणणार नाही. पण आम्ही बघत राहू ना."

"मग नको." नीलमचा आवाज मऊ होता, कुणाला न दुखवता पाहुणचार नाकारावा तसा. "ही मायची हाय सर. मी नुस्ती सांभाळायले. थोडा पण धोका नको."

"नीलम," सिद्धोधन म्हणाला.

"तुमाला सांगितलं व्हतं ना मी," ती त्याला हळूच म्हणाली. त्याच्या खाली गेलेल्या मानेवरून पंचफुलाला कळलं, की तिनं खरोखरच सांगितलं होतं, आणि त्यानं ते मामीला कळू दिलं नव्हतं.

डॉक्टरांनी क्षणभर दोघींकडं पाहिलं आणि ते हसले. कौतुकानंच हसले. "सगळे पेशंट असे मिळाले तर आमचं काम सोपं होईल. बघा मावशी, किती जपते तुमची पोरगी." त्यांनी जुन्याच वेळा कागदावर लिहिल्या. सकाळी नऊ, रात्री नऊ, रिकाम्या पोटी. "मन बदललं तर केव्हाही सांगा."

"व्हय सर." नीलमनं कागद घेऊन पर्समध्ये ठेवला. "आन् मायचा रिपोर्ट कसा हाय?"

"उत्तम आहे. काळजीचं काही नाही."

"मग झालं," नीलम म्हणाली. ती उठली, ओढणी खांद्यावर घेतली, आणि मायला उठता यावं म्हणून तिनं हात पुढं केला.

पंचफुलानं तो धरला. पण तिला उठता येईना.